सीत्स्के आजींचा चर्च-रेडिओ

शनिवारी चर्चच्या सभागृहात घरच्या बिघडलेल्या वस्तूंच्या दुरुस्तीसाठी रांग लागली होती. वीब्रेन मांडीवर टोस्टर घेऊन बसला होता. समोरच्या टेबलाशी सीत्स्के आजी आणि दुरुस्ती करणारा रेमको बोलत होते; मध्ये आजींचा, चर्चमधली उपासना थेट घरी ऐकवणारा रेडिओ उघडून ठेवला होता.

"कंपनीचा माणूस म्हणाला, अख्खा रेडिओच बदला. नवा काचेवर बोट फिरवून चालतो म्हणे."

"मग घ्यायचा की."

"आमच्या हारमेनना दिसतं कुठं? अंथरुणावर पडून उपासना ऐकतात, तेवढाच त्यांचा आधार. तीन रविवार कानावर स्तोत्र नाही."

"आजी, आत नुसती एक तार सुटलीय. घ्या ही सोल्डरिंग गन, तारेला डाग द्या."

"मी?"

"इथं मी फक्त दाखवतो. करायचं ज्याचं त्यानं."

"हात थरथरतो रे माझा."

"मोजे विणताना नाही थरथरत?"

"गप बस आणि बॅटरीचा उजेड नीट धर."

जरासा धूर निघाला. आजींनी बटण दाबलं आणि शेजारी चर्चमध्ये ऑर्गनवर चाललेला स्तोत्राचा सराव रेडिओतून दुमदुमला. त्यांनी लगेच घरी फोन लावून रेडिओजवळ धरला.

"अहो, ऐकताय ना?"

फोनमधून एक म्हातारा, भरदार आवाज ऑर्गनच्या जरा मागून स्तोत्र गाऊ लागला. वीब्रेनने टोस्टर खाली ठेवला आणि उभं राहून सूर धरला; मग सगळी रांगच गाऊ लागली.