सत्तेचाळिसावी ओळ

(कोल्हापुरातल्या एका चित्रकला महाविद्यालयाचं प्रवेश कार्यालय, दुपारचे अडीच. पद्मजा इंगवले इथल्या मुख्य लिपिक. बाळासो एक्सेलची कामं करतो. गारगोटीहून मोटरसायकलवर आलाय.)

बाळासो : त्या कोपऱ्यातलं बटन बगा. ‘न्यू आउटलुक’, मेलचं नवं रूप. कुणी चालू केलं?

पद्मजा : मी नाही. परवा कॉम्प्युटर उघडला तर असंच होतं.

बाळासो : आपोआप झालंय. ह्या नव्याला मॅक्रोचं, म्हंजी यादीवरनं आपोआप पत्रं सोडणाऱ्या आपल्या एक्सेलमधल्या हुकमांचं, कायबी कळत न्हाय. एक्सेल हाका मारतंय आन् हे बसलंय कानात बोळे घालून.

पद्मजा : चार वाजता दोनशे बारा मुलांना निकालाची पत्रं जायची आहेत. प्राचार्य दोनदा विचारून गेले.

बाळासो : जातील की. हे बंद केलं, जुनं आणलं. पर एकदम खऱ्या पोरांवर न्हाय सोडायचं. आधी जुनी यादी घालून बगू. पत्रं नुसती दिसतील, जाणार न्हाईत. दोन सालाखालची फाईल हाय न्हवं?

पद्मजा : आहे. ‘प्रवेश’ नावाची.

बाळासो : घावली. थांबा, चाचणीला मधली एक ओळ काढून टाकतो.

पद्मजा : कसली ओळ?

बाळासो : मीच दिलेली. ‘चूक आली तर गप पुढं चल’ असं मॅक्रोला सांगणारी. इसरला व्हय? मी बाजारात हुतो, तुमचा फोन आलता. म्हणालता, “बाळासो, मधेच स्क्रीनवर एक इंग्रजी डबा येतोय, सगळं अडकलंय, तेवढा घालव.” मी सांगत गेलो, तुमी टाईप करत गेलता.

पद्मजा : आठवलं. निकालाचाच दिवस होता.

बाळासो : आता पळवतो. हां... हां... थांबलं की. सत्तेचाळिसाव्या ओळीवर.

पद्मजा : तेव्हाही तिथंच थांबलं होतं?

बाळासो : तितंच. फाईल तीच, रोग त्योच. बाकी एकशे नव्व्याण्णव साफ हाईत, मी खालपर्यंत बघितलं.

पद्मजा : मग या एकीला काय झालं?

बाळासो : ही तुमची यादी. फॉर्म नंबर, नाव, मेल. ही समितीची. तिच्यात नाव न्हाय, नुसता नंबर आन् निवड झाली का न्हाय. मॅक्रो हितला नंबर तितं हुडकतो. आता हे बी-११८ बगा. आठच्या मागं एक मोकळी जागा पडल्या. माणसाला दिसत न्हाय, मॅक्रोला दिसती. त्याला नंबर घावलाच न्हाय.

पद्मजा : म्हणजे हिला पत्र गेलंच नाही.

बाळासो : गेलं. त्येच तर वंगाळ झालं. गप पुढं चल म्हटल्यावर त्याच्या हातात वरच्या ओळीचा निकाल तसाच ऱ्हायला. त्योच हिला चिकटवला. वरच्या पोराची निवड न्हाय, म्हणून हिचीबी न्हाय.

पद्मजा : आणि समितीच्या यादीत?

बाळासो : बी-११८... निवड झाली. गुणांत तिसरी हाय, मॅडम.

पद्मजा : नाव?

बाळासो : भैरवी अभिराम इंगवले. तुमच्या भावकीतली कोण?

पद्मजा : माझी मुलगी.

बाळासो : तुमची पोरगी? मग थांबू या जरा, मॅडम.

पद्मजा : थांबू नकोस. आजची यादी घे आता.

बाळासो : आवं मॅडम, पर तुमी हितंच बसता. तुमाला कसं कळलं न्हाय?

पद्मजा : मी बघितलं नाही. एकशे नव्व्याण्णव फॉर्म माझ्या हातानं टाईप केले. तिचा तेवढा दुसऱ्या लिपिकाकडं, विजयसिंहांकडं, टाईप करायला दिला. आपल्या मुलीचा फॉर्म आपण हाताळायचा नाही म्हणून. तिला नंबरसुद्धा विचारला नाही. समितीची यादी माझ्याच कॉम्प्युटरवर होती, तीही उघडली नाही. सगळ्यांच्या आयांना जसं मेलवरनं कळणार, तसंच मलाही कळू दे म्हटलं.

बाळासो : आन् तिची जागा?

पद्मजा : आठ दिवसांत फी भरली नाही की जागा पुढच्याला जाते. तीन नंबरची गेली, ते कानावर आलं होतं. मला वाटलं, त्या उमेदवाराला मोठ्या शहरात प्रवेश मिळाला असेल.

बाळासो : भैरवी काय म्हणाली तवा?

पद्मजा : मी घरी गेले तर फोन हातात धरून बसली होती. म्हणाली, “आई, तू एक शब्द टाकला असतास तर.” मी म्हटलं, “शब्द टाकून चित्रं चांगली होत नाहीत. तुझी कमी पडली.”

बाळासो : असं म्हणालात?

पद्मजा : असंच. पाच वर्षं रोज रंकाळ्यावर बसायची कागद घेऊन. दुसऱ्या दिवशी सगळे रंग पोत्यात भरून माळ्यावर टाकले. अजून तिथंच आहेत. आता पुण्याला एका दवाखान्यात केसपेपर काढते. फोन तिच्या पप्पांना करते. मी उचलला तर “पप्पांना दे” एवढंच.

बाळासो : मॅडम, माझी चूक झाली. ती ओळ मी द्यायलाच नको हुती. आधी बगायला पायजे हुतं, डबा कशापायी येतोय.

पद्मजा : मी मागितली, तू दिलीस. तो डबा तिचंच सांगत होता, आणि मला घाई झाली होती.

बाळासो : पाणी आणू?

पद्मजा : नको. मला काही वाटतच नाहीये, बाळासो. वाटायला पाहिजे ना आता?

बाळासो : वाटंल मागनं. आमचा म्हातारा गेला तवा मी तीन दिवस नुसता जेवत हुतो.

पद्मजा : किती वाजले?

बाळासो : सव्वातीन.

पद्मजा : लाव यादी. ती ओळ नको.

बाळासो : काढली. पर चूक आली की थांबंल, सांगून ठेवतो.

पद्मजा : थांबू दे.

बाळासो : सोडतो... साठ... नव्वद... एकशे चाळीसला थांबलं. मेलच्या पत्त्यात ॲटची खूण दोनदा पडल्या. शिरोळचं पोरगं हाय. नीट केलं, जाऊ दे. दोनशे... दोनशे बारा. झालं.

पद्मजा : त्या शिरोळच्याचं काय?

बाळासो : निवड झाल्या त्याची.

पद्मजा : बरं झालं.

बाळासो : मॅडम, प्राचार्यांना सांगा की. पोरीला न्याय मिळंल.

पद्मजा : सांगणार आहे. लेखी देईन, माझ्या सहीनं. पण तिच्या जागेवर आलेली मुलगी आता तिसऱ्या वर्षात आहे. रोज दिसते मला जिन्यात. तिला काय उठवायचं?

बाळासो : मग भैरवीला तरी कळू दे. दुरुस्त पत्र मॅक्रोनं सोडू?

पद्मजा : ‘प्रिय उमेदवार’ म्हणून जाईल ते. नको. मी हातानं लिहिते.

बाळासो : सरळ फोन करा की.

पद्मजा : माझा आवाज आला की पप्पांना दे म्हणते. लिहिलेलं निदान शेवटपर्यंत वाचेल.

बाळासो : बसा मग. हे कोरं पत्र उघडलंय. वरच्या रकान्यात मेलचा पत्ता घाला तिचा.

पद्मजा : मला माहीत नाही.

बाळासो : पोरीचा?

पद्मजा : सत्तेचाळिसाव्या ओळीत आहे बघ. सावकाश वाच, मी टाईप करते.