ओला टॉवेल

डॉक्टरांच्या खोलीतून एक म्हातारं जोडपं बाहेर आलं आणि औषधांसाठी बाकावर टेकलं. शेजारी नंबराची वाट बघत बसलेल्या शिवणक्लासवाल्या बाईंचे कान आपसूक तिकडे वळले.

"अहो, म्हणजे मीठ वाढवून काही उपयोगच नव्हता."

"तुझ्या रक्तात सोडियम कमी आलं, म्हणून जेवणात वाढवलं. माझं काय चुकलं?"

"तुमचं बीपी वाढलं."

"आणि तुझं सोडियम जागचं हललं नाही."

"हलेल कसं? थायरॉइड मंदावलं की अंगातलं पाणी नीट बाहेर पडत नाही, त्यात सोडियम पातळ होतं. आत्ताच सांगितलं डॉक्टरांनी. तुम्ही पंख्याकडे बघत होतात."

"थायरॉइडची गोळी बंद कोणी केली?"

"बरं वाटत होतं, म्हणून मीच."

"मला विचारायचंस तरी."

"तुम्ही गोळीवरही मीठ टाकलं असतं."

"मला शंका यायला हवी होती. दोन महिने ओला टॉवेल पलंगावर टाकतोय, तू अवाक्षर काढलं नाहीस."

"दिसत होता. बोलायचं त्राण नव्हतं."

"मला वाटलं, तू सुधारलीस."

"आता गोळी चालू केली तरी काही आठवडे लागतील म्हणाले."

"लागू देत. मी रोज टाकत राहतो. तू ओरडलीस की समजेन, गुण आला."