डिलनच्या गाडीतलं पाणी

चिंचोटीजवळच्या गॅरेजात, माझ्या स्कूटरची वाट पाहत, ज्या सभ्यपणाने आपण दुसऱ्याचं दुःख न ऐकल्याचं सोंग करतो, त्याच सभ्यपणाने मी मेकॅनिक आणि एका वृद्ध गृहस्थांचं बोलणं ऐकत होतो.

“बर्नार्ड अंकल, धूर पांढरा आहे, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत. पाणी इंजिनात शिरून जळतंय.”

“तुळिंजचा फिटर म्हणाला, हेड गॅस्केट बदला.”

“हे रोटरी इंजिन आहे, याला हेडच नसतं. पाणी अडवणाऱ्या आतल्या सीलची खाच गंजून फुटलीय. कूलंटच्या जागी काय घालत होता?”

“विहिरीचं पाणी. आमच्या डिलनच्या मयतानंतर त्याची आई रोज सकाळी घालते आणि पाच मिनिटं इंजिन चालू ठेवते.”

“तुमची विहीर मचूळ आहे ना? त्या खारानेच इंजिन खाल्लं. आता ते उघडूनही उपयोग नाही.”

“तिला हे सांगू नकोस, कुशल. आलीच बघ ती.”

“काय रे कुशल, माझ्या डिलनची गाडी बरी होईल ना?”

“इंजिनाचं वय झालं, क्लेमेंटीन आंटी. तुम्ही पाणी घातलंत म्हणून एवढी वर्षं टिकलं.”

“मग उद्यापासून दोनदा घालीन.”