रोवन्याचा गाना आन् कौसल्या

माया जन्म तिरोड्याकडच्या एका खेड्यातला, आन् लगन होऊन मी आली अठी गोरेगावच्या बाजूले, धानाच्या बांध्यात. गाने कोनी शिकवले म्हनून इचारता, तर काय सांगू तुमाले, शिकवला कोनीच नाही. मायी माय रोवन्यात, धानाचे रोप चिखलात लावता लावता, म्हने, तिच्या मांगं मी म्हनो, आन् एखादी ओळ आठवली नाही का आपल्याच मनानं जोडून द्यो. मायले समजे. हे कठची ओळ आनली वं पोट्टी, म्हने, पन मले थांबवला नाही कधी. मंग सासरी आल्यावर ओळी जोडता जोडता अख्खा गानाच जुळाले लागला.

आमचे हे तवा गोंदियाले राईस मिलमधी कामाले जात, आन् त्या दिवारीले त्यायनं एक जुना टेप आनला, लाल बटनाचा, बटन दाबला का आपला आवाज कॅसेटमधी भरे. नव्वदचे साल सरून राहिले होते तवाची गोष्ट हाय. पयला गाना मी चुलीजवळ बसून भरला, मधात बकरी ओरडली ते पन भरली. ह्यायले ऐकवला, हे म्हनले, चांगला हाय. जावेले ऐकवला, ते म्हने, चांगला हाय. सासू म्हने, चांगला हाय, आता भाताची गंजी उतरव. आता चांगला हाय म्हनल्यावर मानसानं पुढं करावा काय, तुमीच सांगा.

कौसल्या मले भेटली गोरेगावच्या बाजारात. बोदलकशाची बाई, तठच्या तलावातली मासोळी घेऊन एस्टीनं येई, मायाच उमरीची, पन आवाज असा का बाजाराच्या ह्या टोकाले ओरडली का त्या टोकाचा मानूस वळून पाहे. त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हता, आन् ते तराजू पुसून राहिली होती आन् हळूच म्हनून राहिली होती, तलावाच्या पान्याले नाही कोनी दार, कठून आली मासोळी, कठी जानार. मी उभीच राहिली. म्हनली, कोनाचा गाना हाय हा बाई? ते म्हने, कोनाचा कायले राहील, माया हाय. मी म्हनली, मी पन जोडतो. तिनं मायाकडं वरून खालवरी पाहिला आन् म्हनली, मंग आन एक दिवस, ऐकतो.

तिच्या देराकडं पन टेप होता. असा ठरला का कॅसेटच्या एका बाजूले मी माया गाना भरावा, दुसऱ्या बाजूले तिनं सांगावा कसा झाला ते, आन् मंग आपला गाना भरून मले द्यावा. कॅसेट बाजाराच्या दिवशी हातोहात जाई. तिच्याकडून येई तवा मासोळीचा वास येई तिले, हे म्हनत, टेप धुवा लागते आता.

तर मी माया सगळ्यात आवडता गाना पाठवला. हिरवा शालू नेसली माय धरती, चांदन्याची नथ तिच्या नाकावरती. बम मेहनत केली होती त्याच्यावर. पुढच्या बाजारी कॅसेट आली, मी दुपारी एकटीनं लावली, आन् कौसल्या म्हनून राहिली, सेवंता, रोवन्याच्या दिवसात चांदन्या तुले कठी दिसल्या बाई, अभार तर कारा कुट्ट राहते. आन् रोवन्यात कंबर मोडते ते तुया गान्यात कठी गेली? तू रोवना करतेस का धुऱ्यावर बसून पाहतेस? आन् शब्दाच्या मधातच दम सोडतेस, ऐकनाऱ्याले वाटते आता हे पडली.

मी टेप बंद केला. राग असा आला का काय सांगू. मासोळी इकनारी बाई मले सांगते, असं पन मनात आला, आला तर आला, खोटा कायले बोलू. दोन-तीन बाजार मी तिच्या ओळीत फिरकलीच नाही. हे म्हनले, काऊन वं, मासोळी बंद झाली घरातली?

मंग एक दिवस तीच कॅसेट पुसून तिच्यावर दुसरा भरावा म्हनून लावली, आन् फीत थोडी जास्तच मांगं गेली. तठी, सगळं बोलाच्या पयले, कौसल्यानं माया अख्खा गाना म्हनला होता. पयल्या खेपेले मी घाईघाईत फीत पुढं पळवली होती, तेवढा सुटूनच गेला होता. चारही कडवे, एक शब्द इकडचा तिकडं नाही. मासोळी इकता इकता, घरचा काम करता करता या बाईनं माया गाना पाठ केला होता. नावं ठेवाले कोनी गाना पाठ करते काय?

कॅसेट पुसली नाही. चांदन्या काढल्या. रोवन्यात गेली तवा वाकल्या वाकल्याच ओळ आली, वाकून वाकून कंबर झाली कमान, उभी राहू दे वं बाई, मंग रोवीन धान. जोरानं म्हनली तर सगळ्या बाया हासाले लागल्या, आन् हासता हासता म्हनाले लागल्या. तो गाना भरून बाजारात गेली. कौसल्यानं कॅसेट घेतली आन् एक मोठी मासोळी माया थैलीत टाकली.

मंग मी पन तिले सांगो. तू गाना म्हनतेस का मासोळी इकतेस, म्हनली, शेवटी कायले ओरडतेस? ते म्हने, बाजारचा गरा हाय, खाली येत नाही. असे आमचे वर्षं गेले. आमच्यात रीतच झाली, आंधी दुसरीचा गाना म्हनून दाखवाचा, मंग बोलाचा.

पुढं तिच्या गऱ्यात गाठ झाली. नागपूरले ऑपरेशन झाला, गाठ वाईट नव्हती, पन आवाज गेला. बाजारात तिच्या जागेवर तिची सून बसे. म्हने, माय बोलतच नाही, गाना तर इचारूच नका. मी टेप पिशवीत घातला आन् एस्टीनं बोदलकशाले गेली. कौसल्या अंगनात जाळं शिवून राहिली होती. मले पाहून हासली, पन बोलली तर घोगरा, फाटका. म्हने, कावऱ्यावानी झाला, कायले आली तू? मी म्हनली, ऐकाले आली. ते नाही म्हने, मी उठो नाही. चहा झाला, ऊन कललं, शेवटी जाळ्याकडं पाहातच तिनं म्हनला, तोच तलावाचा गाना, पार खालच्या आवाजात.

आता तिले काय सांगावा? चांगला हाय म्हनली असती तर तिनं मले घराबाहेर काढलं असतं. मी आंधी तिचा गाना तिच्यासारखाच खाली म्हनला, आन् मंग म्हनली, कौसल्या, वरचा गेला तो गेला, पन इतक्या वर्षांत तुये शब्द मले आज पयल्यांदा ऐकू आले. फक्त तिसरा कडवा काढून टाक, तठी आवाज फाटते. तिनं जाळं खाली ठेवला. म्हने, तिसरा कडवा काऊन काढू, तोच तर गाना हाय, फाटते तर फाटू दे. अशी भांडली मायासंगं का सून चुलीवरून उठून पाहाले आली. मी मनात म्हनली, झाला, बाई परत आली.

त्या दिवशी टेपमधी भरला तो गाना, तिसऱ्या कडव्यासगट. तिचाच खरा होता, काढाचा नव्हता.

आता टेप कोन वापरते. नातवाच्या मोबाईलवर भरतो, कौसल्या बोदलकशात ऐकते. गोंदियाचा एक ऑटोवाला हाय, हिंदीत जोडते, आपल्या रेकॉर्डिंग आमाले पाठवते आन् म्हनते, मौसी, बुरा लगे तो भी बोलना. बोलतो आमी. आमचे गाने कोनी छापले नाही, रेडिओवर आले नाही. पन मांगच्या साली एस्टीतून जाता जाता एका गावाच्या बांधीत पोरी रोवून राहिल्या होत्या आन् माया गाना म्हनून राहिल्या होत्या, मायाच, पन ओळ बदलली होती, उभी राहू दे वं बाई, पाहू दे मले धान. गाडी निघाली. मी दिवसभर ते ओळ म्हनून पाहिली, आन् कौसल्याले सांगितला, तिनं आंधी ते ओळ म्हनली, मंग म्हने, तुयापेक्षा चांगली हाय वं. हाय, म्हनली मी. आता मी पन तशीच म्हनतो.

तुमी हे लिहून राहिले, लिहा बापा. चांगला हाय म्हननारे तुमाले बम भेटतील, त्यायले चहा पाजा. पन आंधी तुमचा अख्खा पाठ करून मंग भांडनारा एक तरी तुमाले भेटो, एवढाच माया आशीर्वाद.