वीणा गळ्यात असताना

टाळकरी, हात जरा थांबवा. मृदंगबुवा, तुम्हीही घोटभर पाणी प्या, पुढं तुमचं काम आहे. आणि मंडळी, पाय अवघडले असतील तर खुशाल पसरा, पण कान इकडं ठेवा! मला तुम्हाला एक विचारायचंय. माणूस खरं बोलतो ते कुणामुळं? देवामुळं? कायद्यामुळं? का चार माणसं बघतायत म्हणून? बघा, लगेच माना डोलल्या! अहो, अजून मी नीट विचारलंसुद्धा नाही! उत्तर आत्ता देऊ नका. आधी ऐका.

एका बाजारपेठेच्या गावात कुंदा गव्हाणे नावाची बाई राहायची. नवरा मालट्रकवर, महिना-महिना आंध्राकडं. घरात कुंदा आणि तिची सासू यमुनाबाई, दोघीच. कुंदा ब्लाऊज शिवायची. हात असा बसलेला, की गावातल्या बायका लग्नसराईत दुसरीकडं कापड टाकायच्या नाहीत. राहायला माडीवरची एक खोली, भाड्यानं. खोलीचे मालक रंगनाथ आप्पा डुंबरे.

आता आप्पा कोण? गावच्या सप्ताह कमिटीचे अध्यक्ष! कपाळाला गंध, गळ्यात तुळशीची माळ, दारात वृंदावन. कुंदा खोली बघायला गेली, तेव्हा आप्पांनी पन्नास हजार डिपॉझिट सांगितलं. भाडं वेगळं. कुंदानं हातातल्या पाटल्या मोडल्या, पैसे आणले. आप्पांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, ते देवापुढं ताटात ठेवले, वर हळदकुंकू वाहिलं. कुंदा हळूच म्हणाली, आप्पा, कागद करायचा का काही? आप्पा हसले. गळ्यातली माळ दोन बोटांनी वर उचलली आणि म्हणाले, पोरी, ही बघ. याच्यापुढं कागद लागतो होय?

संपलं! कुठली पावती आणि कुठला करार! तुम्ही हसताय, पण खरं सांगा, तुम्ही मागितला असता कागद? माळ दाखवल्यावर? कुणाची छाती झाली असती?

बरं. काही वर्षं सुखाची गेली. मग यमुनाबाई न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण जिना काही चढवेना. दवाखान्यात न्यायचं तर म्हातारीला खुर्चीत बसवायचं, चार माणसांनी खुर्ची उचलायची. दर वेळी म्हातारी डोळे मिटून घ्यायची. एकदा उतरताना म्हणाली, कुंदे, मला आता वरच राहू दे, पुन्हा खाली नको नेऊस.  कुंदानं तळमजल्याची खोली शोधायचा ध्यासच घेतला. आणि मिळाली! एका शाळेतल्या बाईंची, पुढं अंगण, आत संडास. बाई म्हणाल्या, गुरुवारपर्यंत डिपॉझिट आणा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.

कुंदा आप्पांकडं गेली. आप्पा म्हणाले, अवश्य! तू खोली मोकळी कर, मला रंग द्यायचाय, पैसे उद्या सकाळी ने. आणि इथं कुंदा चुकली, मंडळी. पैसे हातात येण्याआधी तिनं सामान टेम्पोत टाकलं, खोली मोकळी करून दिली. एका दिवसाचा तर प्रश्न! सासूला आतेबहिणीच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. दिवस चैत्राचे. पत्रा असा तापायचा, की म्हातारीच्या अंगावर ओला पंचा टाकून ठेवावा लागे.

सकाळी कुंदा गेली. आप्पा म्हणाले, बँक बंद आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, रंगाचा खर्च वजा करावा लागेल, मोरीची फरशी फुटलीय, तीही. तिसऱ्या दिवशी आप्पा झोपाळ्यावर बसले होते. कुंदानं तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, कसलं डिपॉझिट? आहे काही तुझ्याकडं लिहिलेलं?

कुंदानं काकूंकडं पाहिलं. त्याच काकू, ज्यांनी हळदकुंकू वाहिलं होतं! काकू खाली मान घालून लसूण सोलत बसल्या. मान वर केली नाही.

वकिलानं सांगितलं, करार नाही, पावती नाही, पैसे रोख दिलेत. साक्षीदार कोण, तर त्यांचीच बायको. अर्ज करू, पण वर्ष-दोन वर्षं जातील. चौकीतल्या हवालदारानं वाटाण्याच्या अक्षता लावल्या. बुधवार उजाडला. शेडमध्ये म्हातारीला धाप लागली होती. ती कुंदाला म्हणत होती, अगं, नसेल द्यायचं तर राहू दे, आपण वर माडीवरच परत जाऊ. आता तिला कसं सांगायचं, की माडीलाही कुलूप लागलंय!

त्याच आठवड्यात गावात सप्ताह बसला होता. अखंड हरिनाम. आता तुम्हाला वीणेचा नेम मी सांगायला नको, पण त्या कोपऱ्यातल्या शहरी पाहुण्यांसाठी सांगतो. सप्ताहात वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून उतरते, ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ज्याच्या गळ्यात वीणा आहे त्यानं उभं राहायचं, तोंडानं नामच घ्यायचं, दुसरं अक्षर नाही. मंडपात येणारा त्याच्या पाया पडतो, मग तो श्रीमंत असो का गरीब. आणि पहारा बदलताना घेणारा आणि देणारा एकमेकांच्या पाया पडतात. आमच्या मागं उभे आहेत ते वीणेकरी बघा. नका बघू, नका बघू, त्यांना घाम फुटलाय!

बुधवारी दुपारचा पहारा आप्पांचा होता. कुंदा मंडपात शिरली. बायकांच्या बाजूला काकू होत्या, आणखी दहा-बारा माणसं पेंगत बसलेली. मधोमध आप्पा, गळ्यात वीणा, डोळे अर्धे मिटलेले, राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी. कुंदा सरळ पुढं गेली. आणि वाकली. कुणाच्या पायावर? ज्यानं तिला उघड्यावर आणलं, त्याच्याच! तिला त्या क्षणी काय वाटलं असेल? ती मला पुढं सांगत होती, महाराज, माझं कपाळ त्यांच्या पायाला लागलं आणि अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

उठली, हात जोडले आणि म्हणाली, "आप्पा, मी वीणेच्या पाया पडले. आता वीणेसमोरच विचारते. माझे पैसे तुमच्याकडं आहेत का नाहीत? नसतील तर नुसती नकारार्थी मान हलवा. मी परत तुमच्या दारात येणार नाही."

मंडपातले पेंगणारे जागे झाले! आणि आप्पा? आप्पांनी डोळे घट्ट मिटले आणि आवाज चढवला. राम कृष्ण हरी! राम कृष्ण हरी! मान नाही हलवली. हो म्हणेनात, नाही म्हणेनात. नामाच्या आड लपले, मंडळी! चोर जाऊन लपला कुठं, तर देवाच्या पाठीमागं!

 कुंदा तिथंच त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. कमिटीतला एकजण धावत आला, म्हणाला, बाई, सप्ताहात हा काय तमाशा? कुंदा म्हणाली, मी कुठं काही बोलतेय, मी नाम ऐकतेय. बिचारा आला तसा गेला.

पहारा संपत आला. पुढचा पहारा शंकरतात्यांचा. रसवंतीवाले तात्या, साधा माणूस, मघापासून मंडपातच बसलेला. आता खरी कुंदाची परीक्षा होती! कारण वीणा तात्यांच्या गळ्यात गेली, की आप्पा मोकळे. मग तोंडही मोकळं. कसलं डिपॉझिट, म्हणायला कितीसा वेळ लागतो!  तात्या समोर आले. आप्पांनी घाईघाईनं पट्टा डोक्यावरून काढून वीणा पुढं धरली. पण तात्यांनी हात पुढं केलेच नाहीत.

तात्या म्हणाले, "आप्पा, वीणा घ्यायची म्हणजे तुमच्या पाया पडावं लागतं. आज माझी मान खाली जाईना. आधी हिचं काय ते बघा."

 आप्पांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. कमिटीतल्या सगळ्यांना त्याच वेळी आपापल्या चपला आठवल्या. कुणी पुढं येईना. आप्पा साठी ओलांडलेले. पहारभर उभे, कपाळावरचं गंध घामानं ओघळून नाकावर आलं. नाम चालूच होतं, पण आवाज चिरका झाला. हाताला पेलेना आणि वीणा कलली! अहो, ती खाली टेकली असती तर? सप्ताह खंडित! गावानं पिढ्यान्‌पिढ्या जपलेला नेम मोडला असता!

तात्या गोंधळून जागीच उभे राहिले. पण कुंदा उठली. पुढं झाली आणि वीणेचा भोपळा तिनं खालून दोन्ही हातांवर तोलून धरला. मागून कुणीतरी पुटपुटलं, बाईमाणसानं वीणेला हात लावला! अरे शहाण्या, तू होतास ना तिथं, तू का नाही लावलास?

आता बघा, मंडळी, चित्र बघा. वीणा एक आणि माणसं दोन. वरून आप्पांनी धरलीय, खालून कुंदानं. दोघांच्या चेहऱ्यात वीतभर अंतर. कुंदाला हात सोडून बाजूला होता आलं असतं. वीणा पडली असती आणि आप्पांचं नाव जन्माचं गेलं असतं. सूड घ्यायचा तर याहून सोपा सूड नव्हता. ती म्हणाली काय, तर एवढंच, "आप्पा, सावकाश. मी धरलीय."

आप्पांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तोंडानं नाम चालू. एका हातानं त्यांनी कमरेच्या करदोट्याची गाठ सोडली. करदोट्याला कपाटाची किल्ली होती. ती काकूंच्या दिशेनं पुढं केली. काकू उठल्या. त्या जणू याचीच वाट बघत होत्या! पदर खोचला आणि अनवाणीच घराकडं निघाल्या.

काकू येईपर्यंत कुंदा वीणा धरून उभी होती. तिचे हात भरून आले, पण सोडले नाहीत. काकू आल्या, पिशवी कुंदाच्या खांद्याला अडकवली. म्हणाल्या, रंगाचे कापलेले नाहीत हो, सगळे आहेत. मग तात्या पुढं आले, आप्पांच्या पाया पडले, आप्पा त्यांच्या पडले आणि वीणा तात्यांच्या गळ्यात गेली. नाम कुठंही तुटलं नाही.

आप्पा मटकन खाली बसले. आता गळा मोकळा होता, काहीही बोलता येत होतं. सगळे बघत होते, आता आप्पा काय बोलतात.

आप्पा म्हणाले, "पोरी, खोटं नाही सांगत. तात्यानं वीणा घेतली असती ना, तर मी नाहीच म्हणालो असतो."

कुंदा म्हणाली, "ठाऊक होतं, आप्पा. म्हणून तर घरी न येता इथं आले."

गुरुवारी यमुनाबाई नव्या खोलीत गेल्या. खुर्ची नाही, चार माणसं नाहीत. कुंदाच्या खांद्यावर हात ठेवून, एकेक पाऊल टाकत, अंगणातून आत. दारात थांबून म्हातारी म्हणाली, कुंदे, आता मला रोज बाहेर बसव.

काही मंडळी मला म्हणतात, महाराज, देवाची वीणा त्या बाईनं वसुलीला वापरली, हे बरं नव्हे. मी म्हणतो, वसुलीला तिनं वापरली, मान्य! पण लपायला कुणी वापरली होती?

आता द्या माझ्या प्रश्नाचं उत्तर. माणूस खरं बोलतो ते कुणामुळं? आप्पांना निदान वीणा होती, तात्या होते, मंडप होता. आणि मंडळी, ते आप्पा शेवटी एक खरं बोलले, तेवढं तरी आपल्याला जमतं का? कीर्तन संपलं की प्रसाद घ्याल, चपला शोधाल, घरी जाल. तिथं मंडप नसेल. वीणेकरी नसेल. बघायला कुणी नसेल. आणि दारात कुणीतरी उभं असेल, तुमच्या शब्दावर विसंबून, हातात कागद नसलेलं. ते विचारेल, माझं तुमच्याकडं काही आहे का हो?

टाळ उचला. नाम मोठ्यानं म्हणा. पण घरी पोचल्यावर त्याच्या आड लपू नका.