दोन डिस्कचा डबा

सस्काटून शहरातल्या जुन्या डिस्कच्या दुकानात मी बाळाची गाडी पायाने हलवत रांगेत उभी होते. पुढे पन्नाशीचं एक जोडपं होतं.

"कर्टिस, या डब्यावर ब्लू-रे आणि डीव्हीडी, दोन्ही का लिहिलंय?"

"कॉम्बो आहे, व्हर्ना. पिक्चर एकच, डिस्क दोन."

"आपलं नवं मशीन दोन्ही वाजवतं की. मग जास्तीचे पैसे कशाला?"

"चित्र स्वच्छ हवं म्हणून ब्लू-रे घरी. डीव्हीडी तळ्यावरच्या केबिनला. तिथल्या जुन्या मशीनवर ब्लू-रे चालत नाही."

"असं होय! रविवारी मी कपाट पुसलं. अकरा कॉम्बो आहेत आपल्याकडे. अकराही डब्यांत डीव्हीडीची जागा रिकामी."

"मग? केबिनलाच आहेत त्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. मी एकटा मासे धरायला जातो, संध्याकाळी काय करू? भिंतीकडे बघू?"

"म्हणजे परवाच्या शनिवारीही तिथे पिक्चर बघितलास?"

"बघितला ना! तू काय पोलिसात आहेस का गं?"

"तिथलं मशीन मी मागच्या थंडीतच टाकून दिलं, कर्टिस. बिघडलं होतं."

बाळाची बाटली शोधणारा माझा हात पिशवीतच राहिला.

"पुढे या," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "एकाच पिशवीत घालू ना?"

"नको गं," व्हर्ना म्हणाली. "डबा माझ्याकडे दे. त्यातली डीव्हीडी काढून यांच्या हातात दे. कुठे लावायची, ते यांना ठाऊक आहे."