दिवसाला दोन कॅप्सूल

ताई : ठेव ती बाटली जागेवर. औषध नाहीये ते.

धाकटी : अँटिऑक्सिडंट लिहिलंय यावर. भावोजींना देतेस? रेडिएशन चालू असताना?

ताई : दिवसाला दोन. गाजरात असतं तेच, नुसता अर्क. पेशी जपतो म्हणे.

धाकटी : तेच तर! फुप्फुसातल्या गाठीच्या पेशी जाळायला आपण त्यांना रोज तिथे नेतोय आणि तू घरी त्याच जपतेस की काय? डॉक्टरांनी विचारलं होतं ना, बाकी काही घेता का?

ताई : नाही म्हटलं मी. रागावले असते ते.

धाकटी : कधीपासून देतेस?

ताई : चार वर्षं झाली. सिगारेट काही सुटेना यांची. भांडून भांडून थकले. मग म्हटलं, ओढा, पण ही घ्या. तेवढीच भरपाई.

धाकटी : अगं ताई...

ताई : काय झालं? बोल ना.

धाकटी : नको विचारूस.

ताई : नर्स आहेस ना तू? बोल.

धाकटी : सिगारेट ओढणाऱ्यांना याच गोळ्या देऊन बघितल्या होत्या, वर्षानुवर्षं. फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल असं वाटलं होतं सगळ्यांना. उलट वाढला.

ताई : म्हणजे मीच...

धाकटी : असं कोणीच सांगू शकत नाही. तीस वर्षं ओढल्यात त्यांनी.

ताई : पण माझ्यामुळे नाही, असंही सांगता येत नाही ना?

धाकटी : नाही.

ताई : हे कामावर, छापखान्यात, सगळ्यांना ही बाटली दाखवायचे. म्हणायचे, बायकोनं माझा विमा उतरवलाय.

धाकटी : उद्या डॉक्टरांना खरं सांगायचं. मी येते बरोबर.

ताई : आणि यांना?

(आतल्या खोलीचं दार उघडतं.)

भावोजी : ऐकलंय मी. भिंती पातळ आहेत आपल्या.

ताई : अहो, मला खरंच माहीत नव्हतं...

भावोजी : सिगारेट काय तू ओढलीस?

ताई : तुम्ही सोडणार होतात. ही बाटली आणली त्या वर्षी सोडतो म्हणाला होतात. माझ्या गोळ्यांमुळे राहून गेलं.

भावोजी : ते मी तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं.

ताई : असं गोड बोलू नका. चिडा माझ्यावर. ओरडा.

भावोजी : बसू दे जरा. चिडायला श्वास पुरत नाही गं आता.